वयाचं दुखणं

पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या आजी, आठ महिने अधूनमधून रक्त जातंय हे सांगायला एकट्याच दवाखान्यात आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. गर्भपिशवीचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागणार होता, आणि तोही आजच्या आज.

"आठ महिने गप्प राहिलात? घरी कुणाला बोलला नाहीत?"

"मुलाला सांगितलं की. म्हणाला, आता वय झालं, असं चालायचंच. उगाच चारचौघांत बोलत बसू नकोस."

गाडी जरा खरखरली की धावत गॅरेज गाठणारे आणि आईचं दुखणं मात्र वयावर ढकलून मोकळे होणारे असले चिरंजीव डॉक्टरीणबाईंनी रग्गड पाहिले होते. त्यांचं डोकंच फिरलं.

"लावा त्याला फोन. अशा अडाण्याला मीच सुनावते चार शब्द. करतो काय तो?"

आजी तपासणीच्या टेबलावरून सावकाश उतरल्या. पायांत चपला सरकवता सरकवता म्हणाल्या,

 

"बायकांचा डॉक्टर आहे. आत्ता नाही उचलायचा. म्हाताऱ्या बायकांनी दुखणं अंगावर काढू नये, यावर भाषण चालू असेल त्याचं."