धुराड्यापाशी वाफ

उत्तरेश्वर मागची चाकं मुद्दाम चुकवत होता. वाफेची नळी तो ट्रकच्या बोनेटवर मारी, दरवाजांवर मारी, हौद्याच्या फळ्यांवर तर फारच मायेनं मारी. पण मागच्या चाकांपाशी, जिथं ग्रीस आणि मातीचा बोटभर थर बसला होता, तिथं आला की त्याचा हात आपसूक वर उचलला जाई.

"ब्रेक मागचे लागत न्हाईत, अन् तू फळ्या कावून धुतो बे?" कारखान्याच्या धुराड्याच्या सावलीत बसलेला फिटर बद्रीनाथ ओरडला. "पाइप कुठं गळतोय ते दिसाया पायजे मला. ग्रीस निघाल्याबिगर म्या पाना लावत न्हाई, सांगून ठेवतो."

"धुतोय की," उत्तरेश्वर म्हणाला आणि पुन्हा बोनेटकडे वळला.

ही गाडी उद्या त्याच्या मेव्हण्याची, भारतची, टोळी घेऊन ऊसतोडीला जाणार होती आणि टोळीबरोबर उत्तरेश्वरची बायको कौशल्याही. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसांची जोडी. भारतची बायको बाळंतीण, म्हणून यंदा त्यानं आपल्या कोयत्याला बहिणीची जोड मागितली होती. उत्तरेश्वर कारखान्याच्या नोकरीत कायम, तो हलू शकत नव्हता. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि बाई आठ दिवसांच्या वर कधी घराबाहेर राहिली नव्हती. आता सहा महिने. नको जाऊ, एवढे दोन शब्द काही या गड्याच्या तोंडातून निघाले नव्हते. गाडी आज दुरुस्त झाली नाही तर दुसरी यायला आठवडा जाईल, असा त्यानं मनाशी हिशोब मांडला होता. आठवडा तर आठवडा.

मशीन तसं साधंच होतं. दोन चाकांवर एक पिंप, खाली रॉकेलचा जाळ, पुढं लांब नळी. मूठ दाबली की कढत वाफेचा झोत सुटे आणि वर्षाचं ग्रीस लोण्यासारखं ओघळे. बरे दिवस होते तेव्हा हंगामाआधी चाळीस-चाळीस ट्रक रांगेत उभे असत आणि उत्तरेश्वर हे गाडं ढकलत एकेकाला न्हाऊ घाली. पण सलग दोन दुष्काळ पडले. शिवारात ऊस उरला नाही, सहकारी कारखान्याचं गाळप थांबलं, बॉयलरच्या घरात पारव्यांनी संसार मांडले. आजच्या धुण्याला पाणी मिळालं होतं ते टँकरमधून मोजून दोन पिंपं.

दोन वर्षांनी मशीन फुसफुसलं होतं. सकाळचा गारवा होता, त्यामुळे वाफ विरत नव्हती. धुराड्याच्या पायथ्यापासून ती अलगद वर चढत होती. त्या पांढऱ्या वाफेत उत्तरेश्वरला ट्रक दिसेना, बद्रीनाथ दिसेना. कारखान्याच्या गव्हाणीत उसाच्या मोळ्या पडल्याचा आवाज येतोय असं वाटलं. मळीचा वास आला. आता भोंगा होईल आणि पूर्वीसारखी कौशल्या फाटकातून भाकरी घेऊन येईल. किती दिवसांनी त्याला इतकं बरं वाटत होतं! पाण्याचं पहिलं पिंप असंच संपलं, दुसरं त्यानं लगेच लावलं.

आणि वाफेतून कौशल्या खरंच आली.

पायात चप्पल नव्हती, धाप लागली होती आणि ती हसत होती. "आवो, बॉयलर पेटला ना? आमी वस्तीवरून बघितलं, धुराड्यापाशी वाफ! समद्या बाया बघाया लागल्या. म्या बांधलेलं गाठोडं सोडलं, पातेली माघारी फळीवर लावली. दादाला बी सांगितलं, आता लांब कावून जायाचं? आपलाच कारखाना सुरू झालाय!"

बॉयलर पेटला की धुराड्यापाशी पहिली वाफ दिसते, हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती दोन चाकांच्या गाड्यातूनही येते, हे कोसभरावरून कुणाला दिसणार?

उत्तरेश्वरनं मूठ आणखी घट्ट दाबली. दोघांच्या मध्ये वाफ दाट झाली. वाफ आहे तोवर तिला हसू दे, असं त्याला वाटलं. एरवी तोंड बंद न ठेवणारा बद्रीनाथही हातातला पाना निरखत बसला.

पण तिला असं फसवणं उत्तरेश्वरला जमेना. त्यानं मूठ सोडून नळी खाली टाकली.

वाफ हटली. कौशल्याला आधी पिंप दिसलं, मग नळी. मग तिनं मान वर करून थंड धुराड्याकडे पाहिलं. परवा टोळीच्या मुकादमानं वस्तीवर आणून दाखवलेली गाडी तिनं लगेच ओळखली.

"हीच आमची गाडी ना?"

त्यानं होय म्हणून मान हलवली. तिनं आपल्याला चार शिव्या द्याव्यात असं त्याला मनापासून वाटलं. तिनं पदर खोचला, गाडीला एक फेरी मारली आणि मागच्या चाकापाशी वाकली. बोट लावून पाहिलं. बोट काळं झालं.

"हितं धुतलं न्हाई तुमी."

"न्हाई."

"कावून?"

"तू जाऊ नये म्हून," तो म्हणाला. चौदा वर्षांत इतकं सरळ तो पहिल्यांदाच बोलला होता.

कौशल्यानं काळं बोट मातीला पुसलं. मग तिनं खाली पडलेली नळी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"नीट धुवा," ती म्हणाली. "धारूरचा घाट चढून जायाचाय, अन् त्योच उतरून माघारी बी यायचंय मला."