समोरच्याचे संवाद

"आत्या, असिस्टंट म्हणजे काय गं?" थिएटरात शिरताना भाचीने विचारलं.

"पडेल ते काम करणारी. हिरोच्या डोक्यावर छत्री धरायची, त्याचा घाम टिपायचा, नाहीतर कुणाच्या तरी जागी उभं राहायचं."

शेवटचं मी तोंडातल्या तोंडात म्हटलं. या सिनेमाची हिरॉइन आपलं काम उरकलं की घरी निघून जायची. मग हिरोचा चेहरा जवळून घ्यायचा असला की मी कॅमेऱ्याला खेटून उभी राहायचे आणि तिचे संवाद म्हणायचे. त्यालाही बोलायला समोर कुणीतरी हवं ना! निरोपाचा प्रसंग अकरा वेळा घेतला. अकराही वेळा तो माझ्या डोळ्यांत बघून रडला. नंतर त्याने रुमाल मागितला, तोही मीच दिला. त्या दिवशी घराचं कुलूप काढताना मला उगाचच वाटलं, आत कुणीतरी वाट बघतंय.

दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला आणि तो प्रसंग आला. पडदाभर त्याचा चेहरा, डोळे काठोकाठ भरलेले.

"जाऊ नकोस. तुझ्याशिवाय या घरात मला कुणी नाही."

"हे आधी एकदा तरी म्हणायचंस," माझ्या तोंडून निघून गेलं. "मी कधीच गेले नसते."

भाचीने मला कोपराने ढोसलं.

"आत्या, गप्प बस ना! तो तिच्याशी बोलतोय."