दहावी जागा

दूषित पाणी ओळखणारे नऊ सेन्सर शहराच्या पाइपलाइनवर कुठे बसवायचे, ते कॉम्प्युटरने ठरवलं. दहावी जागा शोधायला मी तक्रारवही उघडली. पानोपानी एकच ओळ, कुंभार आळीतल्या घोरपडेकाकूंची: ‘पाण्याला वास येतो.’

“लक्ष देऊ नका, साहेब,” क्लार्क म्हणाला. “काकूंना दुसरा उद्योग नाही.”

दहावा सेन्सर मी काकूंच्याच नळाशी बसवला. पाणी बिघडलं की तो ऑफिसला कळवेल, हे ऐकून त्यांचा चेहरा पडला.

“म्हणजे मी आता गप्प बसायचं?”

“छे! माझा नंबर घ्या.”

आठवड्याने सकाळीच काकूंचा फोन आला, “वास येतोय.” मी लगेच पाणी बंद करायला लावलं. चार मिनिटांनी सेन्सरचा मेसेज आला. काकूंना सांगितलं.

“नवीन आहे हो तो,” त्या म्हणाल्या. “शिकेल हळूहळू.”