चाचणीची बस

"तुमच्या वाडीच्या वळणावर बस वळणारच नाही," वाहतूक अधिकारी मॅडम जिल्ह्याच्या बैठकीत म्हणाल्या होत्या. जिल्हा परिषद सदस्य इंदुमती घाडी म्हणाल्या, "एकदा आणून बघा. नाही वळली, तर पुन्हा मागणार नाही."

आज चाचणीची बस आली, मॅडमही बसमधूनच आल्या. सगळी वाडी श्वास रोखून दरडीवर उभी होती. ड्रायव्हरने गाडी जरा मागे घेतली, स्टिअरिंग फिरवलं आणि बस अलगद वळली.

इंदुमतीताईंनी पदर खोचला, मॅडमचे हात धरले आणि रस्त्यातच फुगडी सुरू केली.

"अहो, चक्कर येतेय. सोडा."

"आधी मंजूर म्हणा."

मॅडमनाही हसू आवरेना. फिरता फिरताच त्या म्हणाल्या, "दिवसाला दोन फेऱ्या मंजूर."

"चार करा," म्हणत इंदुमतीताईंनी वेग वाढवला.