नुसती वाफ

रविवारी दुपारी यतीनने आईला, म्हणजे श्यामलाबाईंना, इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका पबमध्ये जेवायला नेलं. बागेतल्या टेबलावर त्याचे ऑफिसातले मराठी मित्र आधीच जमले होते आणि पबच्या बागेतही सिगारेटला बंदी घालावी का, यावर कडाक्याचा वाद जुंपला होता. श्यामलाबाई मुकाट्याने उकडलेले बटाटे कुस्करून खात होत्या.

“टोटल बॅन हवा!” यतीनने टेबलावर मूठ आपटली. “गलिच्छ सवय. आपला धूर दुसऱ्याच्या नाकात कशाला?” एवढं बोलून त्याने खिशातला व्हेप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट, काढला, एक झुरका घेतला आणि आंब्याच्या वासाचा भलामोठा ढग आईच्या ताटावर सोडला.

घरात स्वतःचा कप विसळत नाही आणि निघालाय देश सुधारायला, श्यामलाबाईंच्या मनात आलं. “मग हे रे काय?” त्यांनी विचारलं.

“ही सिगारेट नाही गं आई, नुसती वाफ असते. सिगारेट सुटावी म्हणून घेतो.”

“ती तर कधीच सुटली ना तुझी?”

“हो. मग?”

श्यामलाबाईंनी पर्समधून मिश्रीची डबी काढली आणि तिच्यात बोट बुडवलं. यतीन ताडकन उठला.

“आई, इथे? अगं, तंबाखू आहे ती! ठेव आधी आत, लोक बघतायत.”

“तंबाखू कुठली? मी आपली दात घासते,” असं म्हणून श्यामलाबाईंनी एकही दात न उरलेलं आपलं बोळकं सगळ्यांसमोर ऐसपैस उघडलं.