हिरोच्या मागे तिसरा

“अब्बा, तुम्ही स्टेजवर नाचलात तर लोक हसतील, की उठून जातील?”

प्रश्न इशिताने शोधला होता आणि डेअर उझमाने दिलं होतं. विचारला इन्शाने. हल्ली ती कोणालाही काहीही विचारू शकायची. दोघी मैत्रिणी व्हिडिओ कॉलवर होत्या, आपला आवाज बंद करून. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला होता आणि त्याचं तोंड बरोब्बर सोफ्याकडे होतं.

सोफ्यावर खैरुद्दीन होते. रविवारची दुपार म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे हॉलीवूडचा जुना, काळा-पांढरा सिनेमा.

त्या सिनेमांचं हेच तर भारी होतं. वेटरच्या हातून बशी पडायची आणि तेवढ्यावरून सगळं हॉटेल नाचायला लागायचं. मालक, हवालदार, कोपऱ्यातली चिडकी म्हातारी, सगळ्यांना स्टेप आधीपासूनच येत असायची. का नाचताय, असं कोणी कोणाला विचारायचं नाही. इन्शा लहानपणापासून अब्बांना चिकटून हे बघत आली होती. ती हिरॉइनकडे बघायची. अब्बा म्हणायचे, “तिला सगळेच बघतात बेटा. हिरोच्या मागे तिसरा बघ. नाचतो हिरोइतकंच, पण नाव कुठेच येत नाही बिचाऱ्याचं.”

“हसतील,” खैरुद्दीन म्हणाले. “हसवायलाच तर नाचायचं असतं.”

ते उठले, दाराशी गेले आणि ऑफिसचे बूट घालून आले. पहिलं पाऊल पडलं. टक्. दुसरं पडलं. टक्-टक्.

“घरात बूट?” किचनमधून इन्शाच्या अम्मी, मरियमबी ओरडल्या. “आत्ता लादी पुसलीय मी.”

“ऐक तर जरा.”

खैरुद्दीननी पाय वर करून दाखवला. बुटाच्या तळाला नाल होती, नवी कोरी, चमकणारी. देरा बाजारातल्या मोच्याकडून गुरुवारीच ठोकून घेतली होती. शाळेच्या अ‍ॅन्युअल डेला जुन्या हॉलीवूडचा नाच होता आणि मुलांबरोबर आई किंवा वडील आले तरी चालणार होतं. फ्रिजला लावलेल्या फॉर्मवर इन्शाचं नाव शाईने लिहिलं होतं. त्याच्या शेजारी कोणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘खैरुद्दीन’ लिहून ठेवलं होतं. फॉर्म उद्या द्यायचा होता.

मग ते नाचायला लागले.

इन्शाला वाटलं होतं, पोट हलेल, पाय अडकेल, इशिता लोळून हसेल. पोट हललंच नाही. पाय मात्र असे चालले, की जणू ते खैरुद्दीनचे नव्हतेच. खालच्या मजल्यावर नाईट ड्युटीचा एक ड्रायव्हर झोपायचा. त्याने छताला काठीने ठोकलं. ठक, ठक, ठक. खैरुद्दीन थांबले नाहीत. त्यांनी ती काठीच तालात घेतली. तो तीनदा ठोकायचा, हे चौथा ठोका पायाने द्यायचे. तो चिडून दोनदा ठोकायचा, तर हे गिरकी घेऊन उरलेले दोन. मरियमबी हातात उलथणं घेऊन दारात आल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

इन्शाही उठली. तिलाही येत होतं की! ती अब्बांच्या पुढे जाऊन उभी राहिली, मान वळवली, हात पसरले, अगदी हिरॉइनसारखे.

बरणीपाशी फोनचा आवाज सुरू झाला.

“इन्शा, जरा सरक ना,” इशिता म्हणाली. “अंकल दिसत नाहीयेत.”

खैरुद्दीन थबकले. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग इन्शाकडे. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग त्यांनी कमरेत वाकून बरणीला सलाम केला.

“सांगायचं ना मला. केस तरी विंचरले असते.”

“अंकल, यू आर सो गुड! सिरियसली,” उझमा म्हणाली. ती हसत नव्हती. “वन्स मोअर, प्लीज.”

“मी डान्सच्या सरांना सांगते,” इशिता म्हणाली. “अंकल मेन. इन्शा मागे राहील, तिसरी वगैरे. चालेल ना गं?”

इन्शाने कॉल कट केला.

खैरुद्दीन सोफ्यावर टेकले. दम लागला होता, पण चेहरा लहान मुलासारखा झाला होता. “रिहर्सल बुधवारची ना? ऑफिसात सांगून ठेवलंय मी. अरबी मॅनेजर म्हणाला, यल्ला, चल, जा.”

मरियमबींनी फ्रिजवरचा फॉर्म काढला, टेबलावर ठेवला आणि पेनचं टोपण उघडलं. “मग पेन्सिलीवरून शाई फिरवू?”

“नको,” इन्शा म्हणाली. “मी ठरवलंय. स्टेजवर मी एकटी जाणार. अब्बांचं नाव खाली लिही, तिथे, पडदा ओढायला पालक हवेत तिथे. त्यांचंही नाव छापतात, अब्बा. कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर.”

खालून काठीचा आवाज आला. ठक, ठक, ठक. चौथा ठोका कोणी दिला नाही.

“आणि ती नाल काढून ठेवा,” इन्शा म्हणाली. “माझ्या बुटांना लागेल. सदतीस नंबर.”