शाळेची सुनावणी

“तिथे भांडू नका,” असं बायकोने बजावलं होतं, म्हणून मी महापालिकेच्या बाकावर तीन तास राग गिळत बसलो. हातात एकशे चाळीस सह्यांचं पत्र होतं. आमच्या चिंचोळ्या गल्लीत शाळा होणार होती. तिथे ॲम्ब्युलन्ससुद्धा शिरत नाही. हार्टॲटॅक आलेल्या सामंतवहिनींना आम्ही खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत नेलं होतं.

अखेर साहेब आले. “सुनावणीला उशीर झाला, सॉरी.”

“हरकत नाही,” मी सवयीने म्हणालो.

कारकुनाने ते लिहून घेतलं आणि वही सहीसाठी पुढे सरकवली. ‘नियोजित शाळेबाबत रहिवाशांचं म्हणणं’ या रकान्यात तेच दोन शब्द होते.

“अहो, ते मी उशिराबद्दल म्हणालो.”

“दुरुस्तीसाठी नवा अर्ज लागेल. दोन महिने जातील. चालेल ना?”

त्याने पेन पुन्हा कागदाला टेकवलं.